तीन पळ्यांचा नेम

"ताई, दाराला लावायचंय की खिडकीला?" हातिमभाईंनी विचारलं.

मी पदर सावरला आणि म्हणाले, "माणसाला."

हातिमभाईंनी हातातला डबा परत फळीवर ठेवला. त्यांचं दुकान रंग, खिळे, कड्याकोयंड्यांचं. आर्वीतल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या तेलानं चकाकायची. आमच्या यांना शाळेच्या क्रिकेटच्या बॅटींना पाजायला लागणारं जवसाचं तेल तिथूनच यायचं, म्हणून मी सरळ तिथे गेले होते.

"माणसाला म्हणजे? अंगाला?"

"पोटात."

माझा आवाज मुळातच बारीक. त्यात मला कुणाला ऐकू जायला नको होतं. ते पुढे वाकले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ताई, हे तेल रंगात घालतात. ह्याला शिजवलेलं असतं, लवकर सुकावं म्हणून आत औषध टाकलेलं असतं. पोटात गेलं तर नुकसान होईल. सरजींना हे चाललंय का?"

"त्यांना काही सांगू नका."

"मी काय सांगणार? मला तर काही समजलंच नाही. खायचं पाहिजे तर बबनरावच्या घाण्यावर जा. लाकडी घाणा आहे त्याचा. पण बॅटीला घालायचं ते बॅटीला आणि पोटात घालायचं ते पोटात, एवढं लक्षात ठेवा."

हे त्यांचं बोलणं मला पुढे बरेचदा आठवलं. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली.

त्याच्या दोन वर्षं आधी यांच्या हृदयात नागपूरला जाळी बसवली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज. हे शाळेत खेळाचे शिक्षक. निवृत्त होऊनही शिट्टी खिशात असायची. दवाखान्यातून आल्यावर मात्र जिना चढताना मध्येच थांबायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं करायचे. आमच्या जिन्यात कॅलेंडर नाही. मला ते बघवेना.

आमच्या भजनी मंडळात सुलोचनाकाकूंनी सांगितलं, जवसाचं तेल हृदयाला फार चांगलं, त्यांच्या भावाला गुण आला. मी त्याच दिवशी ठरवलं. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, चातुर्मासाचे चार महिने, यांना रोज जवसाचं तेल द्यायचं आणि आपण स्वतः तेल सोडायचं. भाजी तुपाच्या थेंबावर, नाहीतर उकडलेली. आणि हा नेम गुप्त ठेवायचा.

गुप्त का, तर माझी आई म्हणायची, नेम उघडा केला की माणसंच आधी कौतुक करून टाकतात, मग देवाला करायला काही उरत नाही. मी लहानपणापासून पाळते ते नेम असेच पाळले. कुणाला पत्ता नाही. आणि एकही मोडला नाही. तापात सुद्धा नाही. या एका गोष्टीचा मला मनातून अभिमान होता, हेही कबूल करते.

बबनराव घाण्यावर बसून चहात पाव बुडवून खात होते. त्यांनी अर्धा लिटरची काळी बाटली भरून दिली आणि बूच लावताना बोलत राहिले.

"मावशी, हे तेल लय हळवं हाय. ऊन लागलं, गरमी लागली का बिघडलं. फ्रिजातच ठेवाचं. फोडणीत नाई घालाचं, वरून घ्याचं. पयल्यांदा लहान एक चमचा, पोटाले सवय झाली का मंग पुढचं. महिन्याच्या आत सपवाचं. वास कडू आला का फेकून द्याचं, जीव नाई लावाचा. अन् कोणाच्या दवाखान्याच्या गोळ्या चालू असन तं डॉक्टरले इचारल्याबिगर नाई."

मी मान हलवत सगळं ऐकलं. घरी येईपर्यंत त्यातलं एकही पाळायला जमणार नाही हे लक्षात आलं.

फ्रिजात ठेवायचं, तर हे दर अर्ध्या तासाला पाणी प्यायला फ्रिज उघडणार. मग बाटली कुठे ठेवणार? देवघरात. नंदादीपाच्या मागे, जिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. तिथे ऊब असते, पण देवाजवळची ऊब वेगळी, असं मी स्वतःला समजावलं. डॉक्टरांना विचारायचं, तर मग नेम गुप्त कसला? आणि लहान चमचा म्हणजे स्वयंपाकघरातला चमचा, त्याला खरकटं लागलेलं. मी पूजेची पळी घेतली. पळी घेतली म्हटल्यावर आचमनासारखं तीनदा. एक केशवाय, दोन नारायणाय, तीन माधवाय. श्रावण लागल्यावर सोमवारी पाच करायच्या असंही ठरवून ठेवलं.

एकादशीला संकल्प सोडला आणि द्वादशीला पहिलं ताट वाढलं. नैवेद्य दाखवून झाल्यावर यांच्या वरणभातावर तीन पळ्या सोडल्या. यांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला.

"कुमुद, वरणाला वास कसला गं?"

"हिंग बदललाय."

मी आयुष्यात फार थोडं खोटं बोलले आहे. त्या संध्याकाळी त्या एका हिंगापायी मी एकशेआठ मण्यांच्या अकरा माळा ओढल्या.

तिसऱ्या दिवशी हे सकाळपासून चार वेळा मागच्या दारी जाऊन आले. "कालची भजी बाधली वाटतं," म्हणाले. मी खाली बघून तांदूळ निवडत होते. एक खडा सापडेना इतके ते तांदूळ स्वच्छ होते, तरी निवडत राहिले. बबनरावांचा लहान चमचा आठवत होता. पण संकल्पात तीन पळ्या म्हटलं होतं. देवासमोर उच्चारलेला आकडा बदलायचा कसा?

आठवडाभर हे कुरकुरले. वरण कडवट लागतं, हिंगवाल्याला बदल, डाळ कुठून आणलीस. आणि मग एके दिवशी सगळं शांत झालं. पोट ठीक, वरण गोड. ताटातलं तीन पळ्यांचं तेल बोटाने भातात कालवून हे मुकाट्याने जेवू लागले. सोमवारच्या पाच पळ्याही उतरल्या. मला वाटलं, नेम रुजला.

तेलसुद्धा त्या दिवसांत जरा फिकं दिसू लागलं होतं. मी मनात म्हटलं, देवाजवळ राहून निवळलं.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नैवेद्याआधी आम्ही कशाचीही चव घेत नाही आणि वासही घेत नाही. देवाला वाहायच्या फुलाला नाक लावत नाहीत ना, तसंच. मी पन्नास वर्षं मीठ हाताच्या अंदाजाने घालते. तेलाची बाटली तर देवघरातलीच, तिला नाक लावायचा प्रश्नच नव्हता. आणि जेवताना म्हणाल, तर मी तेल सोडलेलं.

दर महिन्याला मी पिशवीत लपवून नवी बाटली आणायची. बबनराव विचारायचे, "फ्रिजात ठेवता ना, मावशी?" मी म्हणायची, "थंडाव्यात ठेवते." देव थंड डोक्याचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नवरात्र आलं. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करतात. आमच्या घरी हत्यारं म्हणजे माझी विळी, सुरी, कात्री आणि यांची शिट्टी. त्या वर्षी यांनी माळ्यावरून आपली जुनी बॅटही काढून पाटावर ठेवली. मी गंध लावायला गेले तर बॅट आरशासारखी.

"ही एवढी कशी चकाकते?"

"पिते आहे," हे म्हणाले. "म्हातारपणी तहान वाढली तिची."

मी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कारही केला. यांनी तेव्हा तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. मला वाटलं, भरून आलं असेल.

दिवाळी झाली. भाऊबीजेला यांनी माझी चकली खाल्ली आणि उजवीकडची खालची दाढ उभी चिरली. चकली कडक झाली होती हे मला मान्य आहे. फराळ तळताना चव बघायची नाही म्हटल्यावर कधीतरी असं होणारच. दोन दिवसांत गाल लिंबाएवढा सुजला. नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चिठ्ठी पाठवली, की गोळ्या बंद न करता दाढ काढायला हरकत नाही, काळजी घ्या.

कार्तिकातली चतुर्थी होती. माझा उपास. कार्तिकीला सात दिवस उरले होते.

दातांची डॉक्टर मृण्मयी कोठाळे ही यांचीच विद्यार्थिनी. शाळेच्या खो-खोच्या संघात होती. तेव्हा हे तिला उन्हात मैदानाला चकरा मारायला लावायचे. आता तिने यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची मागे पाडली.

"सर, पाय सरळ. मान मागे. हलायचं नाही."

"हो," हे म्हणाले. इतक्या नम्रपणे हे माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर गोमुखीत हात घालून जप करत बसले होते. मृण्मयीने नागपूरची चिठ्ठी दोनदा वाचली.

"सर, रक्त पातळ व्हायच्या या दोन गोळ्या. बरोबर?"

"बरोबर."

"या गोळ्यांनी रक्त थांबायला वेळ लागतो. ते मी सांभाळीन. पण गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, लसणाच्या कॅप्सूल, माशाचं तेल, जवसाचं तेल?"

माझ्या बोटातला मणी तिथेच थांबला.

"काही नाही," हे म्हणाले.

"नक्की? लोक सांगत नाहीत. ते औषध नाहीच, घरचंच आहे, असं म्हणतात. पण अशा तेलांनीही रक्त आणखी थोडं पातळ होऊ शकतं, आणि मग टाका घालायच्या वेळी माझी पळापळ."

"नाही गं. घरचा साधा वरणभात खातो मी."

साधा वरणभात. सव्वाशे दिवस झाले नसतील, पण शंभराला कमी नव्हते. दिवसाला तीन पळ्या, सोमवारी पाच. मी मनातल्या मनात विठ्ठलाला म्हटलं, सातच दिवस राहिलेत, तेवढं निभावून ने. विठ्ठल काही बोलला नाही. तो कमरेवर हात ठेवून उभा असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

मृण्मयीने कापूस घेतला. मदतनीस बाईने ट्रे पुढे सरकवला. मी त्यातल्या पकडीकडे बघितलं. जिन्यात भिंतीकडे बघत उभे राहिलेले हे डोळ्यांपुढे आले. ज्यांच्यासाठी नेम धरला त्यांच्याच तोंडातून रक्त थांबलं नाही तर तो पुरा झालेला नेम घेऊन मी करणार काय होते?

"मृण्मयी," मी म्हणाले.

तिकडे कसलं तरी यंत्र घुंई करायला लागलं होतं. कुणी ऐकलं नाही.

"अगं, मृण्मयी."

तिने यांच्या तोंडात आरसा घातला. "मोठा आ करा, सर. अजून मोठा. वर्गात ओरडायचात तेवढा."

मी उभी राहिले. गोमुखी खाली पडली.

"थांबा!"

तो आवाज माझा होता हे मला उशिरा कळलं. बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी दोघंजण दार ढकलून आत डोकावले. मदतनीस बाईने यंत्र बंद केलं. हे तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघत राहिले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि एवढा आवाज माझ्यात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"मी यांना जवसाचं तेल देते," मी म्हणाले. "आषाढीपासून. रोज. यांना माहीत नाही."



"किती देता, काकू?" मृण्मयीने हलकेच विचारलं.

"तीन पळ्या."

"पळी म्हणजे किती एमएल?"

"पूजेची पळी. सोमवारी पाच."

"सोमवारी पाच का?"

"श्रावणात ठरवलं होतं. मग मोडवेना."

तिने हातमोजे काढले आणि माझ्यासमोर दुसऱ्या स्टुलावर बसली. रागावली नव्हती. मैदानाच्या चकरा पूर्ण करून आलेल्या मुलीसारखा मोठा श्वास तिने घेतला.

"काकू, बरं झालं सांगितलंत. तेल वाईट नाही. एवढ्याने रक्त थांबणारच नाही असंही नाही. पण दोन गोळ्या आणि त्यावर हे, आणि मला पत्ता नाही, हे वाईट. आपण घाई करायची नाही. तेल आजपासून बंद. मी नागपूरला फोन करते, ते म्हणतील तेवढे दिवस थांबू. तोवर सुजेची गोळी देते."

"म्हणजे दाढ आज नाही?"

"आज नाही."

मी यांच्याकडे बघितलं. गाल सुजलेला, रात्रभर झोप नाही, आणि माझ्या नेमापायी आणखी आठ दिवस ठणका. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"मृण्मयी, दाढ काढ. मी ते तेल खाल्लेलं नाही."

"सर, काकू म्हणतात रोज..."

"पहिले आठ दिवस खाल्लं. पुढे नाही."

 हे कोपरावर रेलून अर्धे उठले, आणि सुजलेल्या गालातून जसं जमेल तसं सांगू लागले.

"आषाढात एका संध्याकाळी वीज गेली. ही भजनाला गेलेली. काडेपेटी शोधायला मी देवघरात हात घातला तर दिव्यामागे बाटली. हाताला गरम लागली. बूच काढून वास घेतला. मृण्मयी, मी तीस वर्षं बॅटींना तेल पाजलंय. जवस डोळे बांधून ओळखीन. आणि हे तर पार खवट झालेलं. मग मला हिंगाचा उलगडा झाला."

मी मान खाली घातली.

"दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातून नागपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, खवट तेल तर कुणीच खाऊ नये, आणि चांगलं असलं तरी या दोन गोळ्यांसोबत मला विचारल्याशिवाय नको, पुढे बघू. म्हणून मी बाटली रिकामी केली, साबणाने धुतली, वाळवली, आणि शेंगदाण्याचं तेल भरून जागेवर ठेवली. दर महिन्याला. ही गुरुवारी भजनाला गेली की."

"आणि जवसाचं?" मृण्मयीने विचारलं.

"शाळेच्या सगळ्या बॅटी पिऊन तृप्त आहेत. माझी तर खंडेनवमीला पूजाच झाली. हिने केली."

मदतनीस बाई ट्रे उचलून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"अहो, पण मला सांगायचं ना," मी म्हणाले.

"कसं सांगणार? देवामागे लपवलेली बाटली म्हणजे तुझा नेम असणार. मला कळलंय हे तुला कळलं असतं तर मोडला असता."

 मृण्मयीने नवे हातमोजे घातले.

"म्हणजे सर, मी विचारलं तेव्हा 'काही नाही' म्हणालात ते खरं होतं."

"शंभर टक्के."

"पण रोज तीन पळ्या शेंगदाण्याचं तेल? वरून? तुम्हाला तेलच कमी सांगितलंय ना?"

 "पाणी भरून बघितलं होतं एक दिवस," हे म्हणाले. "पळीतून पडताना आवाज वेगळा येतो. ही ओळखेल असं वाटलं."

"पुढच्या आठवड्यात रक्त तपासून रिपोर्ट मला दाखवायचा. आता मागे टेका. आणि काकू, तुम्ही इथेच थांबा. काही आठवलं तर पुन्हा ओरडा."

दाढ निघाली. तिने दोन टाके घातले, कापसाची घडी दाताखाली दिली आणि यांना ताकीद दिली, तासभर घट्ट दाबून धरायचं, थुंकायचं नाही, एक शब्द बोलायचं नाही. रक्त थांबलंय हे स्वतः बघितल्याशिवाय तिने आम्हाला सोडलं नाही.

आम्ही चालतच घरी निघालो. हे मुके आणि मी बोलत होते. शनिमंदिरापासून आमच्या गल्लीपर्यंत मी जेवढं बोलले तेवढं एका वर्षात बोलले नसेन. बबनरावांनी काय काय सांगितलं होतं, हातिमभाई काय म्हणाले, अकरा माळा कशापायी ओढल्या, तांदळात खडा कसा नव्हता. हे गाल धरून ऐकत होते. मध्ये मध्ये खांदे हलायचे आणि मग टाके दुखायचे.

घराशी आल्यावर मात्र माझा आवाज बसला.

"म्हणजे माझा नेम झालाच नाही," मी म्हणाले. "तेल तुमच्या पोटात गेलं नाही. आणि वर मी चारचौघांत ओरडून सांगितलं. सात दिवस राहिले होते."

यांनी कपाटातून शाळेचं जुनं हजेरीपुस्तक काढलं. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

*तू तेल सोडलंस ना?*

"सोडलं."

*ते खरं सोडलंस?*

"थेंब नाही शिवले."

*मग अर्धा नेम तुझा झाला. माझ्या वाट्याचं तेल मीही रोज खाल्लं, नावडतं असून. दोन्ही मिळून एक धरावा.*

"असं देवाला चालतं?"

यांनी खिशातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि खाली लिहिलं, *पंचाचा निर्णय अंतिम.*

तरीही सात दिवस होतेच. मी रोज नैवेद्यानंतर यांच्या ताटावर रिकामी पळी तीनदा वाकडी केली. केशवाय, नारायणाय, माधवाय. हे मऊ भात चिवडत गंभीरपणे म्हणायचे, "आज छान मुरलंय." कार्तिकीला मी देवापुढे सगळं जसं झालं तसं सांगितलं आणि नेम सोडला. नंदादीपामागची जागा पुसली. तिथे तेलाचा एक चिकट गोल चार महिन्यांत पक्का झाला होता, तो राख लावून घासावा लागला.

पुढच्या आषाढीच्या आधी आम्ही दोघं नागपूरला गेलो. डॉक्टरांना मीच विचारलं, मोठ्याने. त्यांनी रिपोर्ट बघितले, गोळ्यांपैकी एक आता बंद केली होती, आणि म्हणाले, घ्यायचंच असेल तर दिवसाला लहान एक चमचा, ताजं, थंड ठेवलेलं. आणि कुठलीही शस्त्रक्रिया असली की आधी सांगायचं. मी ते हजेरीपुस्तकाच्या त्याच पानाखाली लिहून घेतलं. तेव्हापासून बाटली फ्रिजाच्या दारात असते, संपवायची तारीख तिच्यावर चिकटवलेली. नेम चालू आहे, पण गुप्त नाही. गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे.

एक मात्र माझ्याने सुटलं नाही. नैवेद्याआधी वास घ्यायचा नाही म्हणजे नाही. म्हणून रोज सकाळी चमचा भरण्याआधी मी बूच काढते आणि बाटली यांच्या नाकाखाली धरते. हे डोळे मिटतात, सावकाश श्वास ओढतात. मी विचारते, "कसं आहे?" हे म्हणतात, "चांगलं आहे." मग मी चमचा भरते.

गेल्या आठवड्यात यांनी डोळे उघडायला जरा वेळ लावला.

"कडवट येतंय," म्हणाले.

मी बूच लावलं. हे उठले आणि माळ्यावरची बॅट काढायला स्टूल शोधू लागले.